जात्याला हात लावावा, दळण ज्याचं त्याचं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

*गुरुवारचे प्रवचन*



आजचं प्रवचन एका प्रश्नावर आहे. प्रश्न बेळगावच्या एका ताईंचा. त्यांची परवानगी घेऊन, नाव न सांगता, तो आपल्यापुढे ठेवतो. कारण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. घरोघरी, वेगवेगळ्या कपड्यांत, हाच प्रश्न बसलेला आहे.

ताईंनी लिहिलं होतं ते थोडक्यात असं:

"दादा, मला वाकळ शिवायची फार आवड. माहेरी आजीकडून हात बसला. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्यांची नऊवारी लुगडी ट्रंकेत होती. मामंजी म्हणाले, 'वाटू नको, फेकू नको, यांची एक वाकळ कर माझ्यासाठी.' मी काढली करायला. पण ती अजून अर्धीच आहे. मामंजींचं वय ऐंशीच्या पुढे. मागची थंडी गेली, आता दुसरी येईल. आणि दुसरीकडे मुलगा सातवीत. शाळेचं विज्ञान प्रदर्शन आलं की घरात वादळ. मागच्या वर्षी रात्री दोनपर्यंत जागून त्याचा ज्वालामुखी मीच केला. थर्माकोल कापलं, रंगवलं, तक्ता लिहिला. बक्षीस मिळालं. पण परीक्षकांनी त्याला दोन प्रश्न विचारले आणि तो मान खाली घालून उभा राहिला. घरी आल्यावर बक्षिसाची ढाल माझ्या शिलाईच्या डब्यावर ठेवून म्हणाला, 'आई, ही तुझी आहे. तूच ठेव.' मला रडू आलं. यंदा पुन्हा प्रदर्शन आहे. घरचे म्हणतात, छंद बाजूला ठेव आणि पोराकडे बघ. सुई हातात घेतली की अपराधी वाटतं, आणि त्याच्या वहीशी बसले की वाकळीची आठवण येऊन चिडचिड होते. दादा, दोन्हींतलं काय सोडू?"

बघा, किती प्रामाणिक प्रश्न आहे. यात तीन माणसं थंडीत उभी आहेत. एक म्हातारे सासरे, एक मुलगा आणि एक ती माउली स्वतः. सोडायचं काय, हा प्रश्न आहे. आपण जरा शांतपणे उलगडून बघू.

*१. वाकळ म्हणजे वेळ घालवणं नव्हे*

आपल्याकडे बायकांच्या हातातल्या कामाला पटकन 'फावल्या वेळचा उद्योग' म्हणतात. बेळगावात जिला वाकळ म्हणतात, शेजारच्या कानडी काकू कौदी म्हणतात, गोव्याकडे-पुण्याकडे गोधडी, इंदूरला गुदडी आणि बडोद्याला गोदडी, ती वस्तू एकच. फाटलेलं, विटलेलं, टाकून द्यायच्या लायकीचं कापड एकत्र आणून माणसाच्या अंगाला ऊब देणारी वस्तू करायची. ज्याला जगाने चिंधी म्हटलं त्याला पुन्हा घरात मान द्यायचा. हा संस्कार आहे, बरं का.

आणि या वाकळीला आपल्या परंपरेत केवढा मान! नाथपंथी योगी अंगावर कंथा घेतात, म्हणजे ठिगळांचं वस्त्रच. गाडगेबाबा (१८७६–१९५६) आयुष्यभर चिंध्यांचेच कपडे घालून फिरले. आणि सगळ्यांत गोड कथा जनाबाईची. विठ्ठल रात्री जनीच्या खोपटात आला. काकड आरतीची वेळ झाली तशी गडबडीने उठला, आणि आपला शेला आणि पदक तिथेच विसरून जनीची वाकळ पांघरून राउळात जाऊन उभा राहिला. पुजारी पहाटे बघतात तर देवाच्या खांद्यावर फाटकी वाकळ! पुढे जनीवर चोरीचा आळ आला, सुळापर्यंत गोष्ट गेली आणि देवाने तिला सोडवलं, हे आपल्याला माहीत आहे. पण आजच्यापुरतं एवढंच धरा, की देवाने भरजरी शेला सोडून जी पांघरली ती वाकळ होती.

म्हणून ताई, पहिली गोष्ट. सुई हातात घेतली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. एकेक धावदोरा घालताना मन एका जागी येतं. तोंडाने नाम चाललं असेल तर टाक्यागणिक एक नाम होतं. त्यात तुमची वाकळ तर नुसता छंदही नाही. एका वृद्ध माणसाने आपल्या गेलेल्या सोबतिणीची ऊब मागितली आहे. ती सेवा आहे.

पण एक आरसा प्रत्येकीने, आणि प्रत्येकानेसुद्धा, आपल्या छंदासमोर धरावा. तो छंद शिवणाचा असो, बागेचा असो, क्रिकेट बघण्याचा असो की भजनी मंडळाचा असो. आरसा असा: *छंदावरून उठल्यावर माझं मन मऊ झालेलं असतं की चिडकं?* मऊ झालं असेल तर ती साधना. घरातलं कोणी हाक मारलं की कपाळाला आठी पडत असेल, तर समजावं की सुई हातात आहे पण आपण घरातून पळून आलेलो आहोत. छंद तोच, कापड तेच. फरक मनात आहे. आणि आणखी एक. वाकळ जुन्यातून होते. मोबाइलवर डिझाइनं बघून नवं कोरं कापड विकत आणायचं आणि त्याचे तुकडे करून 'पॅचवर्क' करायचं, यात हौस आहे, चूक नाही, पण तिला वाकळीचं पुण्य लावू नये.

*२. जनीचं दळण कोणाचं?*

आता दुसरी बाजू. मुलाचा प्रोजेक्ट.

आज परिस्थिती अशी आहे की शाळेने मुलाला काम दिलं की घरी ते आईला मिळतं. स्टेशनरीच्या दुकानात तयार ज्वालामुखी मिळतो, तयार पवनचक्की मिळते, तयार माहिती छापून मिळते. प्रदर्शनाला गेलं की ओळखू येतं, हे पोराचं आणि हे बापाचं. आणि आपण म्हणतो, मुलासाठी किती करतो! महाराज नेहमी सांगायचे, "माया आणि मोह दिसायला जुळ्या बहिणी. माया उभं राहायला शिकवते, मोह कडेवरून उतरू देत नाही."

मग मदत करायचीच नाही का? करायची. कशी करायची ते पुन्हा जनीच्याच घरात बघू.

जनी जात्यावर बसली की विठ्ठल तिच्यासमोर येऊन बसायचा आणि जात्याच्या खुंट्याला हात लावायचा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता नीट विचार करा. तो जगाचा मालक. त्याने मनात आणलं असतं तर एका क्षणात पायलीभर पीठ करून ठेवलं असतं. 'जनी, तू नीज, मी करतो' म्हटलं असतं. त्याने तसं केलं नाही. त्याने खुंट्याला हात लावला. दळण जनीचं राहिलं, ओव्या जनीच्या राहिल्या, घामही जनीचाच राहिला. फक्त जातं हलकं झालं.

*मदत म्हणजे जातं हलकं करणं. दळण हिसकावून घेणं म्हणजे मदत नव्हे.*

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात, आणि अठराव्यात पुन्हा सांगतात, की दुसऱ्याचं काम कितीही उत्तम करण्यापेक्षा आपलं काम थोडं उणं-अधिक झालं तरी ते आपलंच बरं. आपण हे मोठमोठ्या गोष्टींना लावतो. पण सातवीतल्या मुलाला लावून बघा. वेडंवाकडं कापलेलं पुठ्ठ्याचं घर हा त्याचा स्वधर्म. आईने कापलेला सुबक ज्वालामुखी हा त्याच्यासाठी परधर्म. म्हणून तर ढाल मिळूनही तो रिकाम्या हाताने घरी आला. पोराने ती ढाल आईच्या डब्यावर ठेवली ना, तो उद्धटपणा नव्हता. ताई, तुमचं पोर खरं बोललं. ज्याला खरं बोलता येतं त्याचं विज्ञान अर्धं झालेलं आहे.

कारण विज्ञान म्हणजे तरी काय? प्रश्न पडणं, करून बघणं, जे दिसलं तेच लिहिणं, आणि चुकलं तर चुकलं म्हणणं. २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो, १९८७ पासून. तो दिवस सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या शोधाचा, १९२८ सालचा. त्याची सुरुवात कुठे झाली? १९२१ साली युरोपातून बोटीने परत येताना समुद्राचं निळं पाणी बघून त्यांना प्रश्न पडला, हे निळं का? तोपर्यंत लोक मानत होते की आकाशाचा रंग पाण्यात दिसतो. रामन यांनी ते जसंच्या तसं मानलं नाही, तपासून पाहिलं. सुरुवातीची निरीक्षणं तर सूर्याचा प्रकाश आणि रंगीत काचा घेऊन केली. त्या एका प्रश्नापासून निघालेली वाट १९३० सालच्या नोबेल पारितोषिकापर्यंत गेली. आता मला सांगा, बोटीवर शेजारी बसून कोणी त्यांना 'हे घे उत्तर, तक्त्यावर लिही' म्हटलं असतं तर?

आणि गाडगेबाबा कीर्तनात काय करायचे? ते समोरच्या लोकांना प्रश्न विचारायचे. उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. स्वतः शाळेत गेले नाहीत, पण जेवायला ताट नसलं तरी चालेल, पोराला शाळेत घाला, हे गावोगाव सांगत फिरले. अंगावर चिंध्यांचा पोशाख आणि तोंडी शिक्षण! वाकळ आणि वही यांच्यात वैर आहे असं ज्याला वाटतं त्याने गाडगेबाबांची मूर्ती डोळ्यांपुढे आणावी.

*३. समतोल म्हणजे निम्मं-निम्मं नव्हे*

आता राहिला वेळेचा प्रश्न. समतोल म्हटलं की आपण तराजू घेतो. एक तास याला, एक तास त्याला. संसारात असं वाटप कधी जमत नाही आणि जमलं नाही की आपण स्वतःला दोष देतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलं आहे की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही साधत नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. तिथे सगळ्यांना एकच माप दिलेलं नाही. ज्याला जेवढं युक्त तेवढं. रात्री दोनपर्यंत जागून थर्माकोल कापणं हे अयुक्तच. आणि छंद ट्रंकेत बंद करून मनात कुढत बसणं हेही अयुक्तच.

शिवणाऱ्या भगिनींना हे मी काय सांगावं? धावदोरा फार ओढला तर वाकळीला चुण्या पडतात. फार सैल सोडला तर आतले थर सरकून गोळा होतात. दोरा किती ओढायचा हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, ते बोटांना कळतं. मुलांचंही तसंच.

आणखी एक गोष्ट वाकळीकडूनच शिकू. आपल्या बेळगावपासून जवळ, हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी समाजाच्या भगिनी राहतात. त्यांच्या वाकळीला 'कवंद' म्हणतात. त्या शिवायला सुरुवात कडेपासून करतात. चारही कडांनी टाके घालत घालत मध्याकडे जातात आणि कोपऱ्यांना छोटी ठिगळं लावतात, त्यांना 'फुला' म्हणतात. यातला गुण घ्या. *आधी कडा बांधा.* आपल्या दिवसाच्या कडा म्हणजे झोपेची वेळ, जेवणाची वेळ, नामाची वेळ. या कडा पक्क्या झाल्या की मध्ये वाकळही बसते आणि वहीही बसते. कडाच सुट्या असतील तर मध्ये कितीही टाके घाला, उसवणारच. प्रोजेक्ट तीन आठवडे आधी मिळतो आणि आपण आदल्या रात्री नऊला जागे होतो, ही कड सुटल्याची खूण.

आणि इथे बंधूंनाही दोन शब्द. 'छंद बाजूला ठेव आणि पोराकडे बघ' हे वाक्य घरात नेहमी एकाच माणसाला का ऐकावं लागतं? पोर दोघांचं आहे. दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या सुरुवातीलाच समर्थ सांगतात की प्रपंच आधी नीटनेटका करावा. ते काही फक्त बायकांना सांगितलेलं नाही. ऑफिसातून येऊन अर्धा तास मुलाची वही बघितली तर बातम्या कुठे पळून जात नाहीत.

*४. मग त्या घरात काय झालं?*

ताईंना आम्ही एवढंच कळवलं: काहीही सोडू नका. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर एक तास एकाच खोलीत बसा. तुमच्या हातात सुई, त्याच्या हातात वही. त्याने विचारलं तर उत्तर देऊ नका, उलट प्रश्न विचारा. आणि त्याच्या कामाला त्याने 'आई, धर' म्हटल्याशिवाय हात लावू नका. फक्त गरम पाणी, सुरी आणि विजेचा बोर्ड, या तीन ठिकाणी न विचारता हात घालायचा. तिथे आई-बापच हवेत.

पहिले चार दिवस मुलगा नुसता बसून राहिला. ताईंनी नंतर सांगितलं, "दादा, तोंड गप्प ठेवणं हे उपासापेक्षा कठीण आहे." पाचव्या दिवशी मामंजी शिवलेला अर्धा भाग पायांवर ओढून घेत म्हणाले, "आत्ताच गरम वाटायला लागलं बघ." आणि मुलाने विचारलं, "आजोबा, पण हिच्यात चूल कुठे आहे? ही गरम होते कशी?"

ताईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं. त्या गिळून म्हणाल्या, "खरंच की रे. कशी बघायची?"

मुलानेच ठरवलं. तीन सारखे स्टीलचे पेले, झाकणासकट. तिघांत सारखंच गरम पाणी. ते बाबांनी ओतलं, कारण या वेळी बाबांनाही काम मिळालं होतं. एक पेला उघडा. दुसऱ्याला वाकळीचा उरलेला तुकडा सैलसर गुंडाळला. तिसऱ्याला तेवढ्याच मापाचा तुकडा सुतळीने करकचून बांधला. दर दहा मिनिटांनी थर्मामीटर घालून आकडा वहीत. त्याला खात्री होती की करकचून बांधलेला जास्त गरम राहील. उघडा पेला सर्वांत आधी निवला, ते ठीक. पण करकचून बांधलेलाही सैल गुंडाळलेल्यापेक्षा लवकर निवला! पोर चक्रावलं. दोन दिवस डोकं खाजवून, शाळेच्या पुस्तकात उष्णतेचा धडा स्वतः उघडून, त्याला कळलं की ऊब नुसत्या कापडाने टिकत नाही. कापडाच्या थरांत अडकलेली हवा ती टिकवते. हवेतून उष्णता सहजासहजी बाहेर जात नाही. सुतळीने आवळलं की ती हवाच निघून जाते. एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ पांघरुणं एकावर एक घेतली तर ऊब जास्त का वाटते, तेही यातच आलं.

मध्ये एक परीक्षा झाली, आणि ती आईची होती. एका ओळीत आकडा चुकला होता. पाणी निवायला हवं, तर आकडा आधीच्यापेक्षा वर गेला होता. ताईंना वाटलं सांगावं, खोडून नीट लिही, कोण बघतंय. आपण सगळे असंच सांगतो ना? 'पुस्तकात आहे तसं लिहून टाक.' बंधूंनो, भगिनींनो, नेमकी इथे धर्माची कड उसवते. पोराला वाटतं, खरं जे दिसलं ते लपवायचं असतं आणि शोभेल ते लिहायचं असतं. पुढे हाच मुलगा ऑफिसात बसतो, दुकानात बसतो, औषधाच्या कारखान्यात बसतो. तेव्हा आपण म्हणतो की जगात प्रामाणिकपणा राहिला नाही. ताई गप्प राहिल्या. मुलाने आकडा खोडला नाही. शेजारी लिहिलं, 'इथे माझी वाचताना चूक झाली असावी', आणि दुसऱ्या दिवशी सगळा प्रयोग पुन्हा केला.

आणि शेवटी त्याच्या मनात आणखी एक आलं. बर्फ! दोन वाट्यांत बर्फाचे खडे ठेवले, एक वाटी वाकळीच्या तुकड्यात गुंडाळली. आजोबा म्हणाले, गुंडाळलेला आधी वितळणार, वाकळ गरम असते ना. झालं उलटंच. उघड्या वाटीतला बर्फ आधी वितळून गेला आणि वाकळीतला टिकून राहिला. मग मुलाने तक्त्यावर स्वतःच्या अक्षरात, थोडं तिरकं, एक वाक्य लिहिलं:

*वाकळ ऊब देत नाही. आहे ती राखते.*

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. सातवीतल्या पोराने विज्ञानाच्या तक्त्यावर आपल्या सगळ्यांसाठी प्रवचन लिहून ठेवलं आहे. आई-बाप मुलात बुद्धी घालत नाहीत. ती भगवंताने घालूनच पाठवली आहे. गुरूसुद्धा शिष्यात चैतन्य बाहेरून आणून ओतत नाहीत. ते आत आहेच. आई-बाप काय, गुरू काय, वाकळ होतात. आत जे उबदार आहे ते बाहेरच्या थंडीने निवून जाऊ देत नाहीत. आणि ते कसं साधतं? थरांमध्ये थोडी हवा राहू दिली तर. करकचून बांधलं की ऊब निघून जाते. ज्या घरात मुलाला श्वास घ्यायला, चुकायला, गप्प बसायला जागा नाही, ते घर कितीही प्रेमळ असलं तरी सुतळीने आवळलेला तिसरा पेला आहे.

आता बक्षिसाचं विचाराल. यंदा बक्षीस मिळालं नाही. शेजारच्या टेबलावर दिवे लागणारं, फिरणारं मॉडेल होतं, ते पहिलं आलं. पण परीक्षक याच्या टेबलाशी आले, प्रश्न विचारला, आणि मुलगा बोलतच राहिला. चुकलेल्या ओळीवर त्याने स्वतःहून बोट ठेवून दाखवलं. घरी येऊन म्हणाला, "आई, या वेळी माझंच होतं."

आणि वाकळ? ती थंडी सुरू व्हायच्या आत पुरी झाली. रोजच्या एका तासाने झाली. शेवटच्या काठाला मुलाने 'मी घालू का?' म्हणून वीसेक टाके घातले. एक लहान, एक मोठा, मध्येच दोरा वर आलेला. ताई सांगत होत्या, "दादा, एरवी मी रात्री गुपचूप उसवून पुन्हा घातले असते. या वेळी ठेवले." मामंजी रोज झोपताना तोच काठ गळ्याशी घेतात. ते म्हणतात, या टोकाला टाके हाताला लागतात, बाकी वाकळ गुळगुळीत आहे.

ताई, तुम्ही विचारलं होतं काय सोडू. सोडायचं होतं ते एकच. 'माझ्याशिवाय होणार नाही' हे. ते सुटलं, आणि वाकळही हातात राहिली, वहीही त्याच्या हातात राहिली.

एक सूचना मात्र. आता सगळ्यांनी मुलांना वाकळीचाच प्रोजेक्ट देऊ नका! तो त्या मुलाला पडलेला प्रश्न होता. तुमच्या मुलाला दुसरा पडेल. कणीक का फुगते, देवघरातली समई वाऱ्याने विझते पण चूल का फुलते, पितळेची भांडी काळी का पडतात. प्रश्न पडेपर्यंत थांबायचं, एवढंच आपलं काम.

*या आठवड्याचा नेम*

१. रोज एक तास, किंवा निदान अर्धा तास, घरातल्या सर्वांनी एका खोलीत बसावं. ज्याचं काम त्याच्या हातात. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

२. मुलाने प्रश्न विचारला तर आधी 'तुला काय वाटतं?' असं विचारावं. उत्तर त्यानंतर.

३. मुलाच्या हातून झालेली एक तरी वस्तू, वेडीवाकडी असली तरी, न सुधारता देवघराजवळ किंवा दर्शनी ठेवावी.

४. ट्रंकेत, कपाटात कोणाची आठवण असलेलं जुनं कापड असेल तर काढून बघावं. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं, याचं काय करू? उत्तर ऐकायला बसावं.

नेम करताना आलेले अनुभव आपापल्या ग्रुपच्या सेवेकऱ्यांकडे कळवावेत. दादा-वहिनी, आजी-आजोबा, मुलं, सगळ्यांनी कळवावं. मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहून फोटो पाठवला तर जास्त आनंद.

सद्गुरूंच्या चरणी एवढीच प्रार्थना: हे दयाघना, आमच्या हातून मुलांचं दळण हिसकावलं जाऊ नये. खुंट्याला हात लावायची बुद्धी दे आणि वेळ आली की हात काढून घ्यायचीही बुद्धी दे. आम्ही सगळे तुझ्या एकाच वाकळीची ठिगळं आहोत. कोणी नवं, कोणी जुनं, कोणी विटलेलं. तू धावदोरा घालून आम्हाला धरून ठेव.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
॥ शुभं भवतु ॥ 🙏